व्हिडिओ बघताना सगळं कळतं, सांगायला गेलं की फे-फे उडते

शंकासुर

धागा काढायचं कारण जरा लाजिरवाणं आहे, पण काढतोच.

गेली सहा-सात वर्षं रात्रीचा माझा ठरलेला कार्यक्रम म्हणजे आडवं व्हायचं, कानात इअरफोन घालायचे आणि असला एखादा व्हिडिओ लावायचा. आकाश निळंच का, जांभळं का नाही? आरशात डावं-उजवं उलटतं, मग वर-खाली का उलटत नाही? व्हेरिटासियम, व्हीसॉस, नंबरफाइल, थ्री ब्लू वन ब्राऊन, या सगळ्या यूट्यूब चॅनेलांचा मी जुना भक्त. मुळात मी वाचून नाही, बघून शिकणारा माणूस. त्यामुळे घरात "याला विचारा, याला सगळं माहीत असतं" अशी ख्याती. होती.

परवा भाची (नववीत आहे) म्हणाली, "मामा, आमच्या वर्गात दोघींचा वाढदिवस एकाच दिवशी आहे. केवढा योगायोग ना?"

मी सरसावलो. "योगायोग कसला डोंबलाचा! खोलीत २३ माणसं असली की कुणातरी दोघांची तारीख जुळायची शक्यता पन्नास टक्क्यांच्या वर जाते."

"का?"

"कारण माणसं मोजायची नाहीत, जोड्या मोजायच्या. २३ जणांच्या २५३ जोड्या होतात." इथवर मी फॉर्मात.

तिने मोबाइलवर २५३ भागिले ३६५ केलं. "हे तर ६९ टक्के आलं. पन्नास कुठेय?"

"ते तसं नसतं."

"मग कसं असतं?"

मी आढ्याकडे बघतोय तोवर बाईसाहेबांनी पुढचा हिशेब करून ठेवला होता. "आणि २८ जण घेतले तर ३७८ जोड्या. मग शक्यता शंभर टक्क्यांच्या वर जाते? म्हणजे नक्की होतं त्याहून नक्की?"

तो व्हिडिओ मी किमान तीनदा पाहिलाय. त्यातली खोली, माणसांना जोडणाऱ्या रेघा, निवेदकाचा शर्टसुद्धा डोळ्यांसमोर आला. गणित आलं नाही. फोन वाजतोय असं म्हणून उठलो. फोन वाजत नव्हता.

तर प्रश्न असा: इतकी वर्षं मी काही शिकलो का, की नुसती करमणूक झाली? तुमचंही असं होतं का? होत नसेल तर बघताना काय वेगळं करता?

---

निवांत

अहो, करमणूक झाली तर झाली! मी कृष्णविवरांचे व्हिडिओ बघतो, कुणी परीक्षा घेणार नाहीये माझी. दिवसभर डोकं पिकल्यावर रात्री वही-पेन घेऊन बसायला सांगणार असाल तर आपला रामराम. प्रत्येक गोष्टीचा गृहपाठ कशाला करायचा?

(भाचीला मात्र सलाम.)

---

पाटीपेन्सिल

शंकासुर, मी विज्ञान शिकवते, त्यामुळे तुमचा हा फोन मी रोज वाजताना ऐकते.

गंमत म्हणजे व्हेरिटासियम ज्यांनी सुरू केलं त्या डेरेक मुलर यांचं पीएचडीचं काम नेमकं याच दुखण्यावर आहे. सिडनी विद्यापीठ, २००८. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या व्हिडिओंमधून विद्यार्थ्यांना काय कळतं, हे त्यांनी तपासलं. स्वच्छ, मुद्देसूद समजावणारे व्हिडिओ पाहून विद्यार्थी म्हणाले, छान, सोपं, स्पष्ट. आधी आणि नंतर परीक्षा घेतली तर गुण जेमतेम तिथल्या तिथे. वाढला होता तो आत्मविश्वास. दुसऱ्या प्रकारच्या व्हिडिओत एक पात्र सर्वसामान्य चुकीची समजूत बोलून दाखवायचं आणि मग त्यावर खल व्हायचा. ते बघणाऱ्यांना गोंधळल्यासारखं वाटलं, डोक्याला ताण पडला, पण गुण त्यांचे वाढले.

वर्गातलं उदाहरण देते. चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटून तो वर जातोय. त्या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? (हवा सोडून द्या.) निम्मा वर्ग म्हणतो: खाली गुरुत्वाकर्षण आणि वर हाताचं बल, जे हळूहळू संपतं. मग मी 'फक्त गुरुत्वाकर्षण' असं सांगते. सगळे माना डोलावतात. पंधरा दिवसांनी तोच प्रश्न विचारला की हाताचं बल हजर! मुलं खोटं बोलत नसतात. त्यांना ऐकू येतं ते त्यांना आधीच वाटत असलेलं. स्पष्टीकरण इतकं गुळगुळीत असतं की आपली समजूत त्याच्याशी कुठे भिडलीच नाही, हे लक्षातच येत नाही.

तुमच्या बाबतीत हेच झालं. 'जोड्या मोजायच्या' एवढं ऐकून तुम्ही मान डोलावलीत. भाचीने मान डोलावली नाही, भागाकार केला.

उपाय विचारलात म्हणून: व्हिडिओतला प्रश्न संपला की थांबवायचा आणि उत्तराचा अंदाज बोलून दाखवायचा. चुकीचा असला तरी चालेल, चुकीचा असला तर उत्तमच. आणि संपल्यावर पुन्हा बघायचा नाही, आठवून लिहायचं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदाच वाचून तीन वेळा आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. तुम्ही तीनदा बघितलात ना, त्याची किंमत ही.

---

दशांश

मूळ गणिताला कुणी हात लावत नाहीये, म्हणून मी लावतो.

भाचीचे ०.६९ चूक नाही. ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे: २३ जणांच्या खोलीत *सरासरी किती जोड्या* जुळतील? आपला प्रश्न आहे, *एक तरी* जोडी जुळेल का? काही खोल्यांत दोन-दोन, तीन-तीन जोड्या एकदम जुळतात. बेरीज करताना अशी खोली दोनदा, तीनदा मोजली जाते. म्हणून बेरीज फुगते, आणि २८ जणांना शंभरच्या पार जाते. सरासरी एकाच्या वर जाऊ शकते, शक्यता नाही.

बरोबर रस्ता उलटीकडून. कुणाचीच तारीख जुळू नये असं धरा. पहिला कुठलीही तारीख घेईल. दुसऱ्याला ३६४ मोकळ्या, तिसऱ्याला ३६३, असं करत तेविसाव्याला ३४३. सगळ्यांना ३६५ ने भागून गुणाकार करा, ०.४९३ येतो. म्हणजे जुळायची शक्यता ०.५०७. शंभर टक्के खात्री हवी तर ३६६ माणसं लागतील (२९ फेब्रुवारीवाल्यांनी माफ करावं).

कॅल्क्युलेटरवर स्वतः गुणा. बावीस गुणाकार आहेत, मरत नाही कुणी.

---

खोडरबर

पाटीपेन्सिल यांना +१. एक खडा मात्र टाकतो.

धागाकर्ते म्हणतात "मी बघून शिकणारा माणूस". ही समजूत कुठून आली? बहुतेक अशाच एखाद्या व्हिडिओतून. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, आणि ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने शिकवलं की जास्त येतं, या दाव्याचा २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने आढावा घेतला. त्याला आधार देईल असा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. तरी ती समजूत जिवंत आहे, ठणठणीत आहे.

गणिताच्या व्हिडिओत गफलत असली तर ती कागदावर पकडता येते. नंबरफाइलने २०१४ मध्ये १+२+३+… = −१/१२ दाखवलं तेव्हा किती जणांनी पेन उचललं! रामानुजन यांनी १९१३ मध्ये इंग्रज गणिती हार्डींना लिहिलं होतं तेच हे, पण ती नेहमीची बेरीज नव्हे. नेहमीच्या अर्थाने ही बेरीज अनंताकडेच जाते. वाद घालायला तिथे जागा होती, साधनंही होती.

मानसशास्त्राच्या व्हिडिओत काय पकडणार? 'एका प्रयोगात असं दिसलं' म्हटलं की आपण गप्प. १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग (विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवलं होतं) अजून 'सत्ता मिळाली की साधा माणूस आपोआप क्रूर होतो' म्हणून दाखवतात. पहारेकऱ्यांनी कसं कडक वागायचं याच्या सूचना त्यांना दिल्या जात होत्या, हे ध्वनिमुद्रणांवरून पुढे आलंय. त्यातला 'आपोआप' तिथेच गळतो. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मुळात ९७ टक्के यशस्वी होते, दुसऱ्या खेपेला ३६ टक्के. तेव्हा असले व्हिडिओ बघताना मी एवढंच विचारतो: हे दुसऱ्या कुणी पुन्हा करून पाहिलंय का?

---

पाटीपेन्सिल

@खोडरबर, मान्य. मग मी दिलेल्या प्रयोगालाही तोच प्रश्न लागू. आठवून लिहिण्याचा फायदा वेगवेगळ्या लोकांनी पुष्कळदा तपासलाय आणि तो टिकलाय, म्हणूनच दिला.

---

निवांत

वाचता वाचता मीही बावीस गुणाकार केले. कुणाला सांगू नका.

---

शंकासुर

सगळ्यांचे आभार. 'बघून शिकणारा' हे बिरुद काढून ठेवलंय.

काल भाचीला समोर बसवून गुणाकार केला. मधेच एकदा ३५५ गाळलं आणि उत्तर भलतंच आलं, तिने ते पकडलं, पुन्हा सुरुवात. ०.४९३ आल्यावर ती म्हणाली, "मग तेव्हा असं का नाही सांगितलंस?" फोनचं खरं काय ते कबूल केलं. तिला माहीत होतं.

मग पाटीपेन्सिल यांची रीत वापरून दोघांनी नवा व्हिडिओ लावला. १९८२ च्या सॅट परीक्षेतला (अमेरिकेतली कॉलेजप्रवेशाची परीक्षा) प्रश्न होता: लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश. लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेने बाहेरून घरंगळत एक फेरी मारतं, तर ते स्वतःभोवती किती वेळा फिरेल? इथे थांबवला. मी म्हणालो तीन. ती म्हणाली तीन. परीघ तिप्पट, अजून काय हवं?

व्हिडिओ पुढे न नेता दोन सारखी नाणी घेतली. एक टेबलावर बोटाने दाबून धरलं, दुसरं त्याच्या डोक्यावर सरळ उभ्या आकड्याने ठेवलं आणि कडेला कड लावून घरंगळवत बरोबर खाली आणलं. अर्धीच कड वापरली गेली होती. माझ्या हिशेबाने आकडा उलटा दिसायला हवा होता. तो सरळ! म्हणजे अर्ध्या वाटेतच एक पूर्ण गिरकी. पुरती फेरी मारली तर दोन. मी सहा वेळा केलं. दर वेळी वाटायचं, आपलं बोट घसरतंय.

शेवटी तिनेच कागदावर मांडलं. घरंगळणाऱ्या नाण्याचं केंद्र किती चालतं ते बघायचं. ते कडेवरून चालत नाही, एक त्रिज्या बाहेरून चालतं, म्हणून त्याचं वर्तुळ दुप्पट. परीक्षेतल्या प्रश्नात तीन अधिक एक, चार. आणि चार हा पर्याय त्या प्रश्नपत्रिकेत नव्हताच! तीन लाखांवर मुलं बसली होती, चूक कळवली तिघांनी. हे शेवटचं व्हिडिओतून कळलं, तो आम्ही नंतर पूर्ण पाहिला.

आता तिचा पुढचा प्रश्न: नाणं बाहेरून न फिरवता डब्याच्या झाकणाच्या *आतल्या* कडेने फिरवलं, आणि झाकणाची त्रिज्या नाण्याच्या तिप्पट असली, तर? माझा अंदाज कागदावर लिहून घडी घालून ठेवलाय, तिनेही ठेवलाय. तिप्पट मापाचं झाकण शोधतोय. दशांश, तुम्हाला येत असणारच. इथे लिहू नका.