‘मिक्सरवाल्याला समज दिली’ : याला मूळ कारण म्हणायचं का?

तिसरी_शिफ्ट : शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (धातू साच्यात ओतून पार्ट बनवतात तिथं) क्वालिटीला आहे. पंपाच्या बॉडीत ब्लोहोल, म्हणजे गॅस अडकून पडलेली भोकं, येतायत. मशिनिंग झाल्यावर दिसतात, म्हणजे पार्टीकडे, गिऱ्हाइकाकडे, माल गेल्यावर. मग ‘पाच वेळा का विचारा’चा फॉर्म भरायचा. आमचा फॉर्म दुसऱ्या ‘का’वरच संपतो. ब्लोहोल का? सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या वाळूत, ओल जास्त. ओल का? मिक्सरवाल्यानं पाणी वाढवलं. झालं, समज दिली, सही.

दोन आठवडे मी रिजेक्ट पीसची ओतायची वेळ वहीत लिहिली. शिफ्टच्या पहिल्या दोन-तीन तासांत जवळजवळ काहीच नाही, सगळी भानगड नंतर. तिथं जाऊन सँड मुठीत धरली तर चटका बसला. गरम सँड हाताला कोरडी लागते, म्हणून तो पाणी सोडतो. गरम का? ओतून झालं की तीच सँड लगेच परत फिरते. का? जड पीसची ऑर्डर वाढली, सँड आहे तेवढीच. हे फॉर्मवर लिहिलं तर साहेब म्हणाले, “एवढं खोलात नको.”

भट्टीवाला : साहेबांचं बरोबर आहे भावा. सँड कूलर काय फुकट येतोय? पार्टी दरवर्षी रेट कमी करून मागते. आणि ‘का’ला अंत आहे का? ऑर्डर का वाढली, लोन का घेतलं, असं करत रिझर्व्ह बँकेपर्यंत जाशील. दर तासाला सँड टेस्ट करायची असते, ती त्यानं केली नाही. ही चूक नाही का?

तिसरी_शिफ्ट : चूक आहे की. पण टेस्टिंगचा माणूस रात्रपाळीला ठेवलेलाच नाही. मिक्सरवाला मिक्सर सोडून टेस्ट करायला जाणार कधी?

गुऱ्हाळकर : फाउंड्रीतलं मला कळत नाही, पण हे आमच्या गुळासारखंच झालं. रंग काळपट आला की गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्याला, शिव्या. मग काहिलीत (रस उकळायच्या कढईत) हायड्रॉस, रंग उजळवायची पावडर, टाकायचं, ढेप पिवळीधमक, यार्डात सौदा झाला की सुटलो. ठेवला की परत काळवंडतोय. ऊस खारपड रानातला, त्यात युरियाचा मारा, गुळव्या काय करणार? (भेंडीच्या रसात मळी निघते, रानाची खोड निघत नाही.)

भट्टीवाला : पण त्या दिवशी गूळ विकला गेला ना? पगार त्यातनंच होतात.

माशाचा_काटा : दोघांचंही थोडं चुकतंय. टोयोटाच्या ताइइची ओनोंचं उदाहरण बघा. मशीन बंद, कारण फ्यूज उडाला. बेअरिंगला तेल कमी, पंप तेल ओढत नव्हता, पंपाचा शाफ्ट झिजलेला, आणि शेवटी गाळणीच नव्हती म्हणून आत कीस गेला. शेवटचं उत्तर गाळणी, म्हणजे आपण बसवू शकतो अशी वस्तू. थांबायचं तिथं. रिझर्व्ह बँकेपर्यंत जायला कुणी सांगितलंय? पण पाच ‘का’ एकाच रेषेत जातात. जपानचे क्वालिटीतज्ज्ञ इशिकावा यांची माशाच्या काट्याची आकृती काढली तर माणूस, मशीन, माल, पद्धत सगळं समोर येतं. नवीन बेंटोनाइटचा (सँड बांधून ठेवणाऱ्या मातीचा) लॉट तपासला का? कोअर (पीस आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवतात ते सँडचे तुकडे) नीट भाजले होते का? ब्लोहोलला गॅस कुठूनही मिळतो.

तिसरी_शिफ्ट : लॉट तोच आहे. कोअर मात्र बघितले नाहीत, हे मान्य.

भट्टीवाला : मग माझंही ऐक. जड पीसचे बॉक्स सलग लावतोस की हलक्या पीसमध्ये मिसळून? मिसळले तर सँड कमी तापते. कूलर नको, काही नको.

तिसरी_शिफ्ट : सलग. पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) बदलायला वेळ जातो म्हणून प्लॅनिंगवाले तसंच लावतात. उद्या विचारतो.

भट्टीवाला : विचार. आणि शुक्रवारी पार्टीचा माणूस येणार असेल तर फॉर्मवर ‘समज दिली’ राहू दे, तो तेवढंच वाचतो.

गुऱ्हाळकर : हे बघा, टाकलं हायड्रॉस.