डोंगरात झोपायचं भाडं

(आमच्या सोसायटीचा ग्रुप, समर्थ मंदिर परिसर, सातारा. रविवार.)

शिंदे काका (ए-२०४): सुप्रभात. आमचा रोहन टांझानियातल्या किलिमांजारो डोंगरावर चढायला निघालाय. त्यानं खर्चाचा कागद पाठवला, वाचता वाचता चहा गार झाला. उद्यानाची फी दिवसाला ७० डॉलर. तंबूत झोपायची रात्रीला ५० डॉलर, ती वेगळी. तंबू आपला, पांघरूण आपलं, त्यांची फक्त जमीन! सात दिवस, सहा रात्री. वर २० डॉलर बचाव पथकाचे आणि सगळ्यावर १८ टक्के व्हॅट. बेरीज मारली, ९५६ डॉलर झाले. म्हणजे ऐंशी हजारांच्या वर. हा नुसता परवाना. विमान, गाईड, हमाल अजून बाजूलाच आहेत.

जाधव वहिनी (बी-३०१): अरे वा रोहन! अभिनंदन!!

माने सेक्रेटरी: आज पाणी ७ ते ७.४५. मोटारी वेळेत लावा. चर्चा चालू द्या.

इम्रानभाई मुल्ला (बी-१०२): काका, ऐंशी हजारात मी आपली अख्खी विंग तापोळ्याला तंबूत झोपवून आणतो. गाडी, डिझेल, सकाळचे कांदेपोहे धरून.

शिंदे काका: मी तरी काय म्हणतोय? बँकेत ३४ वर्षं काढली. कशाचे किती घेतात ते कळतं मला. ही सरळ लूट आहे.

अमित पवार (सी-३०३): काका, जमिनीचं भाडं म्हणून बघितलं तर लूटच वाटणार. पण तिथं एका माणसामागं तीन-चार हमाल चढतात. गाईडशिवाय चढायला परवानगीच नाही. म्हणजे आपले दहा जण गेले तरी मुक्कामाला पन्नास माणसं, आणि असे गट रोज चढतात. वर लाकूड जाळायला बंदी, त्यामुळं गॅससुद्धा पाठीवरून न्यायचा. कचरा खाली आणून फाटकावर वजन करून द्यायचा. थंडीत तिथं काही कुजत नाही. आपण ‘जाऊन आलो’ म्हणतो ना, ते तिथंच राहतं वर्षानुवर्षं.

शिंदे काका: मग ५० डॉलरमध्ये संडास चांदीचे असतील.

रोहन शिंदे (पुणे): बाबा, जाऊन आलेले मित्र संडासाचं नावसुद्धा काढू नको म्हणतात. तिथले सगळे पैसे त्याच डोंगरावर खर्च होतात असंही नाही. टांझानियात मोजकीच उद्यानं कमावतात आणि बाकीची त्यांच्या जिवावर चालतात. जिथं कोणी फिरकत नाही त्या जंगलाच्या राखणदाराचा पगारही यातूनच निघतो. मला ते पटतं. फक्त पावती बघून पोटात दुखतं.

जाधव वहिनी: मला एक कळत नाही. फी वाढवली म्हणजे जंगल वाचतं का? की नुसते पैसेवाले तेवढे आत जातात? माझ्या भावाची पोरं कोरेगावला असतात. गेल्या सीझनला कासला आम्ही सहा जण गेलो. माणशी १५० प्रमाणे ९०० तिथंच गेले. पोरं म्हणाली, आत्या, पुढच्या वेळी बाहेरूनच बघू.

देशपांडे मॅडम (ए-१०१): वहिनींचा मुद्दा खरा आहे. कासचा दर थोडा बाजूला ठेवा, कासचं पठार म्हणजे सडा, तो काय असतो ते आधी सांगते (जीवशास्त्राची बाई, सवय जात नाही). खाली जांभा दगड, वर माती कुठं दोन बोटं, कुठं चार. पावसाळ्यात तीन-चार महिने पाणी, उरलेलं वर्ष तवा. या एवढ्याशा मातीत कंद झोपलेले असतात, बिया पडलेल्या असतात. दवबिंदूचं झाड बोटाच्या पेराएवढं. सीतेची आसवं तर नुसत्या ओलीवर उभी असतात. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. तिथं तुम्ही तंबू ठोकला, खुंट्या मारल्या, रात्रभर चौघं लोळलात, शेजारी चूल पेटवली. चुलीखालचा दगड तापला की ती चार बोटं माती भाजून निघते. पुढच्या वर्षी तिथं फक्त काळा डाग दिसतो. म्हणून पठारावर मुक्काम नको. १५० घेऊन नको आणि १५ हजार घेऊनही नको. काही जागा भाड्यानं द्यायच्याच नसतात.

अमित पवार: शंभर टक्के मॅडम.

शिंदे काका: मग घ्यायचे कशाला १५० तरी?

देशपांडे मॅडम: ते पैसे संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडं जातात. कास, एकीव, आटाळी, कासाणी ही गावं. सीझनला तिथलीच पोरं गाड्या लावतात, वाट दाखवतात, फुलात बसून फोटो काढणाऱ्यांना उठवतात. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत कास आलं आणि गर्दी झाली. ती आवरायची ती त्याच गावांनी. पण माझ्या मते खरं काम १५० रुपये करत नाहीत, रोजची ३ हजारांची मर्यादा करते. ती काढून टाका आणि तिकीट हजार करा. बघा काय होतं ते. हजार देणारा म्हणेल, पैसे मोजलेत, आता कुठंही बसेन.

इम्रानभाई मुल्ला: बरोब्बर! हे मी रोज बघतो. ज्यांनी घासाघीस केली ते पिशवी घेऊन कचरा गोळा करतात. ज्यांनी न बघता पैसे फेकले ते खिडकीतून बाटली फेकतात. यवतेश्वरच्या घाटात मी एकदा गाडी थांबवून बाटली परत आणायला लावली. रेटिंग एक तारा मिळाला.

जाधव वहिनी: भाई, पाच तारे आमच्याकडून.

इम्रानभाई मुल्ला: पण आपलंही सांगतो. तलावाकाठी पार्ट्या चालतात, तंबू, डीजे, रात्री दोनपर्यंत. तिथं ना परवाना, ना फी, ना कोण विचारणारं. सकाळी कागदी प्लेटांचा ढीग. गिऱ्हाईक मी पण नेलंय, खोटं कशाला बोलू?

माने सेक्रेटरी: आणि आपल्या टाकीत पाणी कुठलं येतं? कास तलावाचं!! बिर्याणीची पातेली तिथं घासायची आणि इथं मला फोन करायचा, पाण्याला वास येतोय म्हणून. तिथं पाच हजार फी लावली तरी मी सही देतो.

शिंदे काका: माने, तुम्ही कुठल्याही गोष्टीवर सही देता.

(दुपारी १२.१५)

अमित पवार: जेवायच्या आधी माझा अनुभव सांगतो. २०१६ ला उत्तराखंडात रूपकुंडच्या ट्रेकला गेलो होतो. वाटेतलं बेदनी बुग्याल (बुग्याल म्हणजे तिकडचं डोंगरावरचं कुरण) म्हणजे गवताचा गालिचा. असं ऐकून गेलो आणि संध्याकाळी पोचलो तर यात्रेतली राहुटीगल्ली. निळे, पिवळे, केशरी तंबू. प्रत्येक कंपनीची वेगळी रांग, वेगळं स्वयंपाकघर, वेगळा खड्डा. रात्री लघवीला उठलो तर दगडामागं जागा सापडेना. सगळीकडं पांढरे टिश्यू. परवान्याचे पैसे दिले होते, पण इतके किरकोळ की आज आकडासुद्धा आठवत नाही. पुढं ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंडच्या हायकोर्टानं बुग्यालांवर रात्रीचा मुक्कामच बंद केला आणि दिवसाला २०० माणसांची मर्यादा घातली. रूपकुंडचा ट्रेक वाटेत मुक्काम केल्याशिवाय जमत नाही, म्हणून ती वाट तेव्हाच मिटली. स्वस्तात आपण सगळे जाऊन आलो आणि मागून येणाऱ्यांना वाट बंद झाली. त्याचा हप्ता मी पण भरलाय.

रोहन शिंदे: म्हणून भूतानचं मला आवडतं. परदेशी माणसाला रात्रीला १०० डॉलर. आधी २०० केले होते, पर्यटक रोडावले तसे २०२३ मध्ये निम्मे केले. आपल्याला मात्र १,२०० रुपयेच. टांझानियातही तिथल्या माणसाला हीच फी शिलिंगात, अगदी थोडी. बाबांना सांगा, मी तिथं परदेशी आहे. परदेशी माणसाला महाग पडणारच.

शिंदे काका: परदेशी असलास तरी पैसे सातारचेच आहेत.

जाधव वहिनी: म्हणजे जागा ज्याची, त्याला स्वस्त. हे पटलं बघा.

(दुपारी ३.४०)

कदम मामा (सी-१०१): मी सकाळपासून वाचतोय. बोलून टायपिंग करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. जागा ज्याची त्याला स्वस्त म्हणालात वहिनी, म्हणून लिहितो. कोयनेच्या पाण्यात आमचं खालचं गाव गेलं तवा मी आईच्या पोटात होतो. काही भावकी सोलापूरला गेली, काही ठाण्याला, रायगडला. आमचं आबा काय हाललं न्हाईत. म्हणाले, पाणी जिथवर येईल तिथवर येऊ दे, मी त्याच्या वर बसतो. वरच्या अंगाला घर बांधलं. तिथं नाचणी, वरी पिकवली. मग अभयारण्य आलं. पुढं ते घरबी सोडलं. वरच्या रानात आमचं देऊळ हाय. जत्रेला आम्ही रात्रभर ऱ्हायचो. भजन, पहाटं आमटी-भात. तंबू कसला, घोंगडं टाकलं की झालं. आता चौकीवर नाव लिवायचं, आधार दाखवायचं आन् सांजच्या आत माघारी. गार्ड पोरगं चांगलं हाय, नात्यातलंच लागतं. ते म्हणतं, मामा नियम हाय. मी म्हणतो, बाबा, मी हितं फिराय आलो न्हाई. माझ्या पडक्या घराच्या उंबऱ्यापाशी आईचं जातं अजून हाय. ते बघाय मला पर्यटक म्हणून पावती फाडावी लागती. किती रुपये हा माझा प्रश्नच न्हाई. एक रुपाया असता तरी मला ते लागलंच असतं.

(दुपारी ४.२५)

देशपांडे मॅडम: मामा, इतकी वर्षं शेजारी राहतो आणि हे माहीत नव्हतं मला.

जाधव वहिनी: मामा 🙏

देशपांडे मॅडम: कायद्याचं सांगू का? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. अभयारण्यात जायचा परवाना कशाकशासाठी मिळतो त्याची यादी त्यात आहे. अभ्यास, फोटो, पर्यटन, आत राहणाऱ्यांशी काही कामकाज. ‘इथं माझं घर होतं’ असा रकाना नाही. कोयना अभयारण्य १९८५ चं, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. जंगल माघारी आलं, हे मी नाकारणार नाही. तिथं जंगल हवंच. पण मामांना आणि पुण्याहून आलेल्या ट्रेकरला एकच रांग, हे मला वर्गातसुद्धा पटवून देता आलं नसतं. हिमालयात नंदादेवी शिखराच्या भागाचं असंच झालं. गिर्यारोहकांनी आत कचरा केला, लाकूड जाळलं. १९८२-८३ मध्ये सगळं बंद झालं. बंदीची झळ कोणाला बसली? लाता आणि रैणी या गावांना. चराई गेली, हमालीची मजुरी गेली. १९९८ ला ती माणसं निषेध म्हणून आत शिरली होती. रैणी म्हणजे चिपको आंदोलनाचं गाव बरं का. झाडं वाचवली त्यांनीच.

अमित पवार: मामा, मी तुमच्या कोयनेच्या रानातल्या वासोटा किल्ल्यावर पाच-सहा वेळा गेलोय. बामणोलीतून बोट, चौकीवर बाटल्या आणि पुडे मोजून घेतात, येताना तेवढे दाखवायचे. मला ती मोजणी फार आवडते. एकदा एक बिस्किटाचा पुडा कमी भरला तर अर्धा तास शोधत होतो. रात्री राहता येत नाही म्हणून तेव्हा कुरकुर केली होती मी. पण कोयनेचं ते पाणी कापत जाताना खाली कोणाचं गाव आहे, हे कधी डोक्यात आलं नाही.

शिंदे काका: कदम, मी सकाळी ऐंशी हजारांसाठी आरडाओरडा केला, त्याचं आता हसू येतंय. तरी ऐंशी हजार जास्तच आहेत, ते मी मागे घेत नाही. फी घ्या, दाबून घ्या, पण पावतीच्या मागं लिहा की त्यातले गावाला किती, राखणदाराला किती आणि संडासाला किती. बँकेत पासबुक देत होतो आम्ही. एवढं मागितलं तर काय चुकलं?

रोहन शिंदे: बाबा, हे तुम्ही टांझानियाला मेल करा. मी पत्ता देतो.

शिंदे काका: देच. इंग्रजी तपासून दे फक्त.

इम्रानभाई मुल्ला: डिसेंबरला वासोट्याला जायचं म्हणत होतो आपण, ती ट्रिप नक्की का मग? गाडी ठेवतो. माझी एक अट. कागदी प्लेटा बंद, प्रत्येकानं आपापलं ताट आणायचं. तापोळ्याला मुक्काम असेल तर संडास कुठं रिकामा होतो ते तंबूवाल्याला आधी विचारणार, मगच ॲडव्हान्स देणार. इतकी वर्षं विचारलं नव्हतं.

माने सेक्रेटरी: ताटं धुवायची कुठं ते पण ठरवा. तलावात नाही.

जाधव वहिनी: घरी आणून. मामा, तुम्ही येताय ना आमच्याबरोबर?

(रात्री ८.०५)

कदम मामा: डिसेंबरात पाणी लय असतंय, काय दिसत न्हाई. मे महिन्यात उतरलं की खालच्या गावाचं जोतं उघडं पडतं. तवा चला. बोटीचं पैसं मी देतो, नावाडी गाववाला हाय. चौकीवरची पावती तेवढी तुमच्यातल्या कोणीतरी फाडा. माझ्या हातानं नको.