लाँचचे दिवस : भाऊचा धक्का, मोरा, रेवस

परवा रो-रोने मांडव्याला गेलो. गाडी बोटीच्या पोटात घातली, वर एसीत बसलो, तासाभरात पलीकडे. अंगावर एक शिंतोडा नाही. उतरायची वेळ झाली तर मुलगा विचारतो, "बाबा, बोट कधी सुटणार?" मला मात्र लहानपणीची रेवसची लाँच आठवत होती : डिझेलचा वास, टोपलीतून टकमक बघणारी कोंबडी, आणि मनगट धरून आत खेचून घेणारा खलाशी. मुंबईच्या बंदरात केलेला प्रवास, घरात ऐकलेलं, स्वतः हाकलेली होडी, काहीही लिहा. गेटवेवरचे फोटो नकोत, पाण्यावरचं सांगा.

* * *

मी मोऱ्याची, म्हणजे उरणजवळच्या मोरा बंदराची. सोळा वर्षं लाँचने मुंबईला नोकरी केली. लोक पावसाळ्याला घाबरतात, आम्ही सुकतीला, म्हणजे ओहोटीला. मोऱ्याला गाळ इतका की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागतच नाही. आजीचा हिशोब सोपा : तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, पुढे सहा तासांनी सुकती, म्हणजे सव्वापाच. नेमकी ऑफिस सुटायची वेळ! अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण संध्याकाळची फेरी गेलीच समजा. मग नवी मुंबईला वळसा घालून घरी. पंचांग बघून हाफ डे मागणारी बाई म्हणून मी ऑफिसात प्रसिद्ध होते. साहेबांना शेवटपर्यंत वाटत होतं की माझे उपास असतात.

* * *

रेवसचा विषय निघालाच आहे तर. आजोबांचे थोरले भाऊ 'रामदास' बोटीवर होते. १७ जुलै १९४७. दुसऱ्या दिवशी सुट्टी नाही की काही नाही, पण गटारी होती, गावी जायचं होतं. सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून सुटली, काशाच्या खडकाजवळ लाटेने कलली, माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेवर माणसं गेली. मुंबईत बराच वेळ कुणाला पत्ताच नव्हता. त्यांनी घरी न्यायला घेतलेला चहाचा डबा आदल्या रात्री खोलीवरच विसरला होता, तो नंतर गावी आला. आजीने त्यात कधी चहा ठेवला नाही, सुया-दोरे ठेवायची. आमच्याकडे अजून गटारीला मटण शिजत नाही.

* * *

मी अलिबागजवळच्या थळचा. काकांबरोबर डोलीला, म्हणजे डोल जाळ्याने मासे धरायला जायचो. एका रात्री खांदेरी बेटाच्या अलीकडे इंजिन बंद पडलं. चंद्र नाही, दीपगृहाचा झोत तेवढा फिरतोय आणि पाणी आम्हाला खडकांकडे ओढतंय. काका तांडेल, होडीचे प्रमुख. ओरडले नाहीत, हात पाण्यात बुडवून ओढ कुठे आहे ते बघितलं आणि म्हणाले, "वल्ही काढा, मधून जाऊ." मधून म्हणजे दोन खडकांच्या मधून! तळ एकदाच घासला, तो आवाज अजून कानात आहे.

१६७९ साली शिवाजी महाराज खांदेरीवर कोट बांधत होते तेव्हा हेच झालं. इंग्रजांनी मोठी गलबतं आणून बेटाभोवती पहारा ठेवला, पण ती वाऱ्याच्या भरवशावर. महाराजांच्या आरमाराचे मायनाक भंडारी, त्यांच्या छोट्या होड्या रात्री वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून सामान घेऊन जायच्या. शाळेत हे वाचलं तेव्हा नुसतं पाठ केलं होतं. पटलं ते त्या रात्री.

* * *

माझं पाण्यावरचं नाही, धक्क्यावरचं आहे, चालेल ना? आजोबा गोदीत हमाल. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' फुटलं, त्या दिवशी ते तापाने घरी. जहाजात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला, शिवाय सोन्याच्या विटा. "विटा उडाल्या तशी माणसंही उडाली, लोक विटांचंच बोलतात," एवढं म्हणून ते गप्प व्हायचे.

* * *

थळकर, तळ घासल्याचं वाचून पाय वर घेतले मी.

मोऱ्याच्या ताई, मुलाला खरी लाँच दाखवायची आहे. कोणत्या तिथीला येऊ?

* * *

चतुर्थीला या. तीनला भरती. दुपारी निघा, परतीची साडेपाचच्या आत पकडा. आणि मुलाला पुढे नाळेजवळ बसवा, भिजू दे.