मदत हवी आहे: मामांची लाल गाडी नेमकी स्पिटफायर की हेरल्ड?

अंबाजोगाईकर:
नमस्कार मंडळी. मामांच्या शेतातल्या शेडात, सोयाबीनच्या पोत्यांमागं, एक लाल, बिनटपाची गाडी वीस वर्षांपासून उभी आहे. घरात सगळे तिला ‘स्पिटफायर’ म्हणतात. १९७४ साली मामांनी ती हैदराबादच्या एका वकिलाकडून सेकंडहँड घेतली. ‘निजामानं इंग्रजांना दिलेली स्पिटफायर ती हीच,’ असं वकिलानं सांगितलं होतं म्हणे. दर दिवाळीला ही गोष्ट होते.

मामा आता ८१ वर्षांचे आहेत. गाडी एकदा रस्त्यावर यावी, एवढंच त्यांचं म्हणणं. व्हिंटेजची नोंदणी करावी म्हणून आरसी बुक काढलं तर कंपनीच्या नावाचं पान वाळवीनं खाल्लेलं. नंबर आणि मामांचं नाव शिल्लक. चासीच्या पट्टीवर कुणीतरी जाड ऑइलपेंट फासलाय.

फोटो टाकतोय. पहिला पाणचक्कीपुढचा, १९७५ चा, गॉगलवाले मामाच. दुसरा बॉनेट उघडून. तिसरा लांबून, शेड आणि विहीर. चौथा मागून. जाणकारांनी सांगावं, ही आहे तरी कोण?

पाना_तेरा:
पहिल्या फोटोत मामांनी अर्धी गाडी झाकलीय, त्यावरून काही सांगता येत नाही. टेप घ्या. पुढच्या चाकाच्या मधोमधून मागच्या चाकाच्या मधोमधपर्यंत मोजा. ८३ इंच भरलं तर स्पिटफायर, साडेएक्याण्णव भरलं तर हेरल्ड.

घोटाळा होणं साहजिक आहे. दोन्ही ट्रायम्फ या इंग्रज कंपनीच्या, दोन्हींचा आराखडा इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचा. हेरल्ड १९५९ ची. तिचीच चासी आखूड करून १९६२ साली स्पिटफायर काढली. म्हणून दोघींचं बॉनेट मडगार्ड-हेडलाइटसकट पुढं पालथं पडतं. आपल्याकडं हेरल्ड मद्रासला बनायची, १९६१ पासून, ‘स्टँडर्ड’ नावानं.

कार्ब्युरेटर किती आहेत तेही बघा. स्पिटफायरला एसयू कंपनीचे दोन, आपल्या हेरल्डला सोलेक्सचा एकच. पेट्रोलचं झाकण स्पिटफायरसारखं मागच्या पत्र्यावर मधोमध असेल तर मी टोपी काढतो.

वाळूजवाला:
बॉनेटचा फोटो बघून वडील आठवले. त्यांची हेरल्ड होती. बॉनेट पालथं टाकायचे, पुढच्या टायरवर बूड टेकायचं आणि मांडीवर पाने घेऊन प्लग साफ करत बसायचे. असं बसून काम करता येणारी दुसरी गाडी मी पाहिली नाही.

जॅक लावून उतरवली की मागची चाकं पोटाखाली ओढून बसते, रवंथ करणाऱ्या म्हशीगत. घाबरू नका, मोडलेलं नसतं. मागचा आडवा पाटा, म्हणजे स्प्रिंग, आणि झुलणारे अ‍ॅक्सल, त्यामुळं होतं. दहा पावलं ढकलली की नीट उभी राहते.

पैठणगेट:
निजामाची गोष्ट अगदीच हवेतली नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचं १५२ नंबरचं ‘हैदराबाद’ स्क्वॉड्रन स्पिटफायर उडवायचं. निजामानं दिलेल्या देणगीवरून ते नाव पडलं. फक्त ती विमानं होती हो! पुढं ट्रायम्फनं विमानाचं नाव गाडीला दिलं. वकीलसाहेबांनी विमान मामांच्या दारात उतरवलं.

अंबाजोगाईकर:
आज शेतात जाऊन आलो. टेप तीनदा लावला. साडेएक्याण्णव. कार्ब्युरेटर एक. टाकी डिकीत, आणि तिच्यावर रिझर्व्हचा छोटा खटका. मामांना सांगितलं तर म्हणाले, टेप सैल धरलास. मग तासभर कुणाशी बोलले नाहीत.

पाना_तेरा:
हेरल्डच. ९४८ सीसी. वाईट वाटून घेऊ नका. सुटे भाग मिळण्याच्या दृष्टीनं तुमचा फायदाच आहे.

मला काळजी नोंदणीची. २०२१ च्या नियमात गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, ती तुमची आहे. पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. टप करवतीनं कापला असेल तर अवघड होईल. हेरल्डचा टप मात्र मुळात बोल्टावर बसवलेला असतो, सोडवता येतो. काचेच्या वरच्या चौकटीवर बोट फिरवून बघा, कापल्याची धार लागते की बोल्टाची भोकं?

अंबाजोगाईकर:
फोटोतच दिसतायत, भोकं आहेत. पण मामा म्हणतात टप कधी नव्हताच.

वाळूजवाला:
दादा, तुमचा तिसरा फोटो मोठा करून बघा. विहिरीवर पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरवर जे लाल झाकण पालथं घातलंय ते काय आहे?

अंबाजोगाईकर:
मंडळी, टपच आहे!

लहानपणापासून त्याच्या सावलीत बसून मी भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या, कधी डोक्यात आलं नाही. मामींना विचारलं तर त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. १९७९ साली धाकट्या मामांच्या वरातीत नवरा-नवरी लोकांना दिसावेत म्हणून थोरल्या मामांनीच रात्रीतून बोल्ट काढले. पुन्हा बसवायचं राहून गेलं. नंतर बिनटपाची ती स्पिटफायर, हे सांगायला बरं पडायचं.

मागची काच नाही, खालची कड एका बाजूनं वीतभर गंजलीय, आत गांधीलमाशांचं पोळं होतं. बाकी पत्रा ठणठणीत. तर आता विचारणं एवढंच: मागची काच आणि टपाखालचं रबर संभाजीनगरात कुणी करून देईल का, की हैदराबादच गाठावं लागेल? आणि कड कापून नवा पत्रा जोडला तर आरटीओत तो फेरफार धरतील की दुरुस्ती?

मामांची परवानगी मिळाली आहे. अट एकच, टप उचलायच्या आधी स्टार्टरवर दुसरा पत्रा टाकायचा.