मदत हवी आहे: श्लक्ष्ण (गुळगुळीत) आणि पिच्छिल (बुळबुळीत) वेगळे कसे दाखवायचे?

बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) पहिल्या वर्षाच्या मुलांना गुर्वादी वीस गुण (पदार्थांचे जड, हलका असे आयुर्वेदातले गुण) वस्तू हाताळून शिकवायचे आहेत. गुरु-लघु, स्निग्ध-रूक्ष जमतं; अडतंय श्लक्ष्ण-पिच्छिलपाशी. सुश्रुत तर ‘श्लक्ष्ण पिच्छिलासारखाच’ म्हणून मोकळे! हेमाद्रींची (देवगिरीच्या यादवांचे मंत्री, तेच) कर्मावरची व्याख्या पाहिली: रोपण करतो (जखम भरून आणतो) तो श्लक्ष्ण, लेपन करतो तो पिच्छिल. पाठांतराला छान, पण टेबलावर कशी दाखवणार? पिच्छिलाला चिरलेली भेंडी पुरते. श्लक्ष्णाला घासलेला मणी ठेवला, तर मुलं म्हणतात, ‘हा कठीण.’ शंखजिऱ्याची पूड रूक्षाकडे जाते. श्लोक नकोत, ते आहेत. चिकट, तेलकट, कठीण यांपैकी काहीच नसलेला, स्वयंपाकघरात किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा श्लक्ष्ण पदार्थ कोणता?