जुन्या फोर-बाय-फोरमध्ये चारही ठिकाणी एकच गिअर ऑइल? माझा विरोध

जुना_पिनियन
गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारा), पुढचा आणि मागचा डिफरन्शिअल (अ‍ॅक्सलमधला, चाकांना ताकद देणारा गिअरसंच), सगळीकडे एकाच डब्यातलं ८०डब्ल्यू-९० (तेलाचा घट्टपणा) जीएल-५ (अ‍ॅडिटिव्हंचा दर्जा; जीएल-४ त्याहून सौम्य) ओता, असा सल्ला जुन्या ट्रकवाल्यांना सर्रास मिळतो. मला तो अजिबात पटत नाही.

डिफरन्शिअलला जीएल-५च हवं, त्यात वाद नाही. त्याच्या हायपॉइड रचनेत पिनियन (छोटा गिअर) क्राऊनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्यरेषेवर बसत नाही, त्यामुळे दात एकमेकांवर फिरता फिरता घासतही जातात. तिथे नुसता तेलाचा थर टिकत नाही. गंधक-फॉस्फरसची अ‍ॅडिटिव्हं दातांवर स्वतःचा थर धरतात, म्हणून दात वाचतात. जीएल-४च्या मानाने जीएल-५मध्ये ती साधारण दुप्पट असतात.

पण जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा आहेत. गरम तेलातला सक्रिय गंधक पितळ हळूहळू खातो. त्या गिअरबॉक्सला जीएल-४च द्यावं.

एकच_डबा
जीएल-५चा बागुलबुवा आता पुरे. हल्लीच्या चांगल्या जीएल-५मध्ये गंज रोखणारे घटक असतात. तांब्याची पट्टी १२१ अंश सेल्सिअसच्या तेलात ३ तास बुडवून ठेवायची चाचणी ही तेलं पास होतात. आडरानात गाडीखाली आडवं पडून तेल भरताना चार प्रकारचे डबे असले की चूक होणारच. डिफरन्शिअलमध्ये चुकून जीएल-४ गेलं, तर वर्षानुवर्षांची झीज लांबच राहिली, जड ओझं घेऊन एक मोठा चढ चढतानाच पिनियनची वाट लागू शकते.

जुना_पिनियन
३ तासांची चाचणी वेगळी आणि वर्षानुवर्षं तेलात बुडालेली रिंग वेगळी. त्या चाचणीत पट्टी गडद पडली तरी तेल पास होतं.

क्षणभर धरून चालू की गंधकाचा त्रास शून्य. तरी सिंक्रोचा प्रश्न उरतोच. रिंगेनं गिअरचा कोन घट्ट पकडून दोघांचा वेग एक करायचा असतो, ते काम घर्षणाचं आहे. तेल गरजेपेक्षा निसरडं झालं की पकड सुटते आणि गिअर खर्रकन वाजतो.

मॅन्युअल_आधी
दोघंही ट्रान्सफर केस विसरताय. चेनवाल्या बऱ्याच ट्रान्सफर केसना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) लागतं, गिअरवाल्यांना बहुधा गिअर ऑइल. चेनवाल्यात घट्ट ९० भरलं तर 'एकच डबा' तिथेच फसतो. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एकच चाक मोकळं फिरू न देणारा) असेल तर त्याचं फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण जुळवणारं अ‍ॅडिटिव्ह, वेगळं.

९० हा आकडा बघून मात्र दचकू नका. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. १०० अंशाला ९०चं गिअर ऑइल ४०-५०च्या इंजिन ऑइलइतकंच घट्ट असतं. म्हणून तर काही जुन्या मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्सला चक्क इंजिन ऑइल सांगितलेलं असतं.

एकच_डबा
एटीएफचा मुद्दा मान्य. माझं म्हणणं गिअरवाल्या ट्रान्सफर केसपुरतं धरा. पण माझ्या मते ग्रेडपेक्षा जास्त नुकसान पाण्यानं होतं. तापलेला अ‍ॅक्सल थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर (अ‍ॅक्सलची हवा आत-बाहेर होण्याची वाट) चिखलानं बुजलेला असेल, तर जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं आणि तेल दुधासारखं पांढरट होतं. महागातलं सिंथेटिक असलं तरी ते लगेच बदलावंच लागतं.

गळका_सील
सिंथेटिक घातल्यावर सील गळायला लागतात, हे खरं की खोटं?

मॅन्युअल_आधी
चांगला सील सिंथेटिकमुळे फुटत नाही. झिजलेल्या सीलभोवती साचलेला चिकटा धुऊन निघतो आणि आधीचीच गळती दिसू लागते. सील बदलायचाच असेल तर ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक खुशाल घाला, थंडीत गिअर हलके पडतात. आणि ड्रेन प्लग काढण्याआधी वरचा भरायचा प्लग सुटतो का ते बघा. तो अडकला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागेल.

जुना_पिनियन
पाण्याबद्दल पूर्ण सहमत. सिंक्रोचा निकाल ज्याच्या त्याच्या गाडीतच लागेल. चुंबकी प्लगवर बारीक राखाडी लगदा असणं नेहमीचं आहे, दातांचे कपचे सापडले तर काळजी करा. पितळ मात्र चुंबकाला चिकटत नाही. काढलेलं तेल पसरट भांड्यात घेऊन उन्हात हलवा. सोनेरी चमचम भरपूर दिसली, तर रिंगा झिजताहेत.

एकच_डबा
ही तपासणी करून बघतो. चमचम दिसली तर गिअरबॉक्सला जीएल-४ घालीन. डिफरन्शिअलच्या जवळपास मात्र तो डबा ठेवणार नाही.