नॅस्कार केबलवरच चांगली होती!

शार्लटकर
२०२५ पासून नॅस्कारच्या (अमेरिकेतली मोटार शर्यतींची संघटना) कप शर्यती, म्हणजे तिची सर्वांत वरची मालिका, टीव्हीसाठी फॉक्स, एनबीसी, टीएनटी आणि अ‍ॅमेझॉन प्राइम अशा चौघांत वाटल्यात. सात वर्षांचे ७.७ अब्ज डॉलर. त्यावर सध्या सगळेच कुरकुरताहेत, पण माझ्या मते वाट २००१ लाच लागली.

त्याआधी प्रत्येक ट्रॅकमालक आपापले प्रसारण हक्क विकायचा. १९७९ ला ईएसपीएन हे केबलवरचं खेळांचं चॅनेल सुरू झालं तेव्हा चोवीस तास भरायचे होते आणि मोठ्या लीगचे सामने परवडत नव्हते. १९८१ पासून त्यांनी या शर्यती घेतल्या. बॉब जेन्किन्स, नेड जॅरेट, बेनी पार्सन्स, कॉमेंट्रीचं काय त्रिकूट होतं! जॅरेट आणि पार्सन्स स्वतः माजी विजेते, पण मिरवणं नाही. टायर झिजला की गाडी वळणावर का सरकते, हे मधल्या कंटाळवाण्या लॅपमध्ये शांतपणे समजावायचे. २००१ ला सगळे हक्क एकगठ्ठा फॉक्स आणि एनबीसी-टर्नरकडे (टीएनटीवाले) गेले, ईएसपीएन बाहेर. कॉमेंट्रीची जत्रा झाली.

खडूस_काका
अहो, केबलला एवढं डोक्यावर घेऊ नका. देशाला हा खेळ दाखवला सीबीएसने. १८ फेब्रुवारी १९७९, डेटोना ५००, पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट. ईशान्येला बर्फाचं वादळ, माणसं घरात अडकलेली. शेवटच्या लॅपला केल यारबरो आणि डॉनी अ‍ॅलिसन एकमेकांना धडकून भिंतीवर, मागून आलेला रिचर्ड पेटी जिंकला, आणि ट्रॅकच्या आतल्या बाजूला यारबरोची दोघा अ‍ॅलिसन भावांशी गुद्दागुद्दी! हे सगळं फुकटच्या चॅनेलवर. केबलने नंतर आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या.

शार्लटकर
काका, डेटोना ५०० वर्षातून एकदाच. बाकीच्या रविवारी रॉकिंगहॅम, मार्टिन्सव्हिल अशा ट्रॅकवरच्या शर्यती कोण दाखवत होतं?

गिअरवाली
तुम्ही दोघंही कप शर्यतींवरच भांडताय. केबलची खरी कमाई म्हणजे ईएसपीएनचा थर्सडे नाइट थंडर हा कार्यक्रम. इंडियानापोलिसजवळच्या छोट्या ट्रॅकवर मिजेट आणि स्प्रिंट या छोट्या, उघड्या चाकांच्या गाड्या. पुढे कप विजेते झालेले जेफ गॉर्डन आणि टोनी स्टुअर्ट देशाला आधी तिथे दिसले.

आणि मे १९९२ विसरलात? शार्लटला दिव्यांच्या उजेडात ऑल-स्टार शर्यत, टीएनएनवर, म्हणजे चक्क कंट्री संगीताच्या चॅनेलवर. डेव्ही अ‍ॅलिसन काइल पेटीला धडकतच रेषा पार करून जिंकला आणि थेट हॉस्पिटलात. बक्षीस घ्यायला विजेताच नाही!

स्पीडव्हिजन_भक्त
नॅस्कारवाल्यांनी रडू नये हो. १९९६ चं स्पीडव्हिजन आमचं होतं: स्पोर्ट्सकार, मोटरसायकली, जुन्या गाड्या. फॉक्सने घेतलं, २००२ ला स्पीड चॅनेल केलं, बाडबिस्तरा शार्लटला हलवला. मग उठताबसता नॅस्कार. ऑगस्ट २०१३ ला तेही बंद करून फॉक्सचंच एफएस१ हे खेळांचं चॅनेल.

शार्लटकर
मान्य, तुमच्यावर अन्याय झाला. पण २०१० ला आपला नारायण कार्तिकेयन मार्टिन्सव्हिलला नॅस्कारच्या पिकअप ट्रकांच्या मालिकेत उतरला, तो याच स्पीडवर. त्या वर्षी मालिकेचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला, राव!

खडूस_काका
विषय बदलू नका. नॉर्थ विल्क्सबरो या जुन्या ट्रॅकच्या वर्षातल्या दोन्ही शर्यतींच्या तारखा १९९६ नंतर न्यू हॅम्पशर आणि टेक्ससच्या ट्रॅकना गेल्या. तेव्हा तुमचं ईएसपीएन होतंच की! जुन्या ट्रॅकांची माती तुमच्याच सुवर्णकाळात झाली.

शार्लटकर
तो ट्रॅक विकत घेणाऱ्यांचा उद्योग, चॅनेलचा नव्हे. उलट २००४ ला डार्लिंग्टन ट्रॅकच्या शर्यतीची लेबर डेची (सप्टेंबरातली सुट्टी) तारीख लॉस एंजेलिसजवळ नेली. दक्षिणेतली इतकी जुनी परंपरा मोडून काय मिळवलं?

खडूस_काका
२०१५ ला ती परत आली ना? दाखवली कोणी? एनबीसीने. आणि थोडा वेळ कॉमेंट्रीला सीबीएसच्या त्या १९७९ च्या शर्यतीचा कॉमेंटेटर केन स्क्वायर याच्यासोबत बसवलं तुमच्याच नेड जॅरेटला.

गिअरवाली
बसा आता दोघं. ट्रक मालिका २०२५ मध्येही एफएस१ वरच आहे, म्हणजे स्पीडच्याच जागेवर. केबल जिवंत असताना तिचं श्राद्ध कसलं घालताय?